एजंट क्षमस्व: मालकाकडून थेट जुना फ्लॅट घेताना

रविवारच्या पेपरातल्या छोट्या जाहिरातींत एक ओळ हमखास दिसते: ‘मालकास विकणे आहे, एजंट क्षमस्व.’ पुण्यात सिंहगड रस्त्यावरचा आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट अशाच जाहिरातीतून मिळाला. विकणारे काका-काकू मुलीकडे नाशिकला राहायला जाणार होते. पहिल्या फोनपासून किल्ली हातात येईपर्यंत साडेपाच महिने गेले आणि त्यातले दोन एका कागदाने खाल्ले. त्या कागदाचं पुढे सांगतो.

एजंट तीन कामं करतो. घर आणि गिऱ्हाईक एकत्र आणतो, भावाची ओढाताण करतो आणि कागदांमागे धावतो. पहिलं काम आता आपलं आपल्याला जमतं. सोसायटीच्या फाटकावरची पाटी, ओळखीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मालकांच्या जाहिराती देणाऱ्या वेबसाइट आणि त्या भागातले वॉचमन, एवढ्यावर भागतं. दुसरंही थोड्या अभ्यासाने जमतं. घोळ होतो तो तिसऱ्यात. मधे कुणी नसलं की घेणाऱ्याला वाटतं मालक बघतोय आणि मालकाला वाटतं घेणारा बघतोय. म्हणून पहिल्याच दिवशी मनाशी ठरवा की कागदांमागे मी धावणार आहे, आणि कागद जिथवर पोचलाय त्याच्या पुढे माझा पैसा जाणार नाही.

पुण्यात दलाली साधारण एक ते दोन टक्के असते, म्हणजे ७० लाखांच्या घराला ७० हजार ते १ लाख ४० हजार. ते वाचले म्हणून सगळे खिशात घालू नका. त्यातून मालमत्तेची कामं करणारा एक वकील स्वतःसाठी लावा. मालकाचा नको आणि बँकेचाही नको. बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो, तुमची झोप सुरक्षित आहे का ते बघायचं काम त्याचं नसतं.

घर बघण्याआधी पैशांचा हिशोब

हा हिशोब कागदावर मांडा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के. ही रिझर्व्ह बँकेने घातलेली मर्यादा आहे आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी फी या हिशोबात सहसा धरत नाहीत. म्हणजे ७० लाखांच्या घराला कर्ज फार तर ५६ लाख. उरलेले १४ लाख तुमचे. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासकट ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार. इथेच १९ लाख २० हजार झाले. वकील, बँकेची फी, सोसायटीची हस्तांतरण फी आणि रंगरंगोटी अजून बाकीच. मुंबईत शुल्क ६ टक्के आहे, ठाण्यात पुण्यासारखंच ७.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते. या उदाहरणात ७० हजार वाचतात. मात्र करारात नवऱ्याचं नाव जोडीला आलं की सवलत गेली. नवरा कर्जात सहकर्जदार राहू शकतो. ही सवलत घ्यायची की दोघांच्या नावावर घर हवं, हे घरात बसून शांतपणे ठरवा, निबंधक कार्यालयाच्या दारात नको.

कर्जाची पूर्वमंजुरी घर शोधायला निघण्याआधीच घ्या. थेट व्यवहारात मालकाला तुमच्याबद्दल काहीच माहीत नसतं. मंजुरीचं पत्र दाखवलं की त्याचा बोलण्याचा सूर बदलतो.

घर बघायला जाल तेव्हा

थेट मालकाशी बोलता येणं हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोठा फायदा आहे, माझ्या मते दलाली वाचण्यापेक्षाही मोठा. एजंट घाईत दारं उघडून दाखवतो. मालक चहा देतो आणि बोलतो. त्याला बोलू द्या. विकायचं का आहे, पाणी किती वाजता येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, वरच्यांशी कधी गळतीवरून वाद झाला का, सोसायटीत पुनर्विकासाचं काही चाललंय का. आमच्या काकूंनी न विचारता सांगितलं होतं, “बेडरूमची ती पश्चिमेची भिंत जुलैत ओली होते हो, दरवर्षी.” कुठल्याही एजंटने हे वाक्य उच्चारलं नसतं. भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग करायचा खर्च आम्ही भावात धरला आणि त्यांनी तो मान्य केला.

किमान दोनदा जा. एकदा सकाळी सात-साडेसातला, सगळ्यांचे नळ चालू असताना. एकदा रात्री, पार्किंग भरलेलं असताना. खालच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवून विचारा की तुमच्या बाथरूमच्या छताला ओल येते का. तुमच्या घरातली गळती त्यांना आधी दिसते. टेप न्या आणि खोल्या स्वतः मोजा. जुन्या जाहिरातीतलं ‘१००० स्क्वेअर फूट’ बहुतेक वेळा बिल्टअप किंवा सेलेबल असतं, म्हणजे भिंती, जिना वगैरे धरून, आणि आतलं वापरायचं क्षेत्रफळ, म्हणजे कार्पेट, त्याहून बरंच कमी भरतं.

भाव कुठून काढायचा

शेजारी सांगतात तो भाव त्यांच्या इच्छेतला असतो. खरा आकडा सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यात मिळतो, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत शोधाची सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर किंवा मिळकत क्रमांक टाकला की त्या जागेवरचे नोंदलेले दस्त दिसतात. त्याच सोसायटीतले गेल्या दोन-तीन वर्षांतले दस्त उघडा. पहिल्या तीन रकान्यांत दस्ताचा प्रकार, मोबदला आणि बाजारभाव लिहिलेला असतो. मोबदला म्हणजे करारात दाखवलेली किंमत, बाजारभाव म्हणजे सरकारी मूल्यदराने काढलेली. असे चार-पाच आकडे वहीत उतरवून गेलात की भावाची बोलणी एका बैठकीत होतात.

मुद्रांक शुल्क या दोन्ही आकड्यांपैकी जास्त असेल त्यावर लागतं. त्यामुळे ‘करारात कमी दाखवू, बाकीचे रोख द्या’ हे कुणी सुचवलं तर हात जोडा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला २०१५ पासून बंदी आहे आणि रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे मालकाला गोडीत समजावा. रोखीत गेलेल्या पैशांवर कर्ज मिळत नाही आणि उद्या व्यवहार फिसकटला तर ते परत मागायला हातात पुरावाही नसतो.

कागद: इथे घाई नको

मालकाकडे झेरॉक्स मागताना संकोच करू नका. ज्याचे कागद स्वच्छ आहेत तो फाइल स्वतःच पुढे सरकवतो.

सुरुवात साखळीपासून करा. बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेला नोंदणीकृत करार, त्यानंतर घर जितक्यांदा विकलं गेलं तितके करार, प्रत्येकाबरोबर इंडेक्स टू आणि नोंदणीची मूळ पावती. एकही कडी गाळलेली चालत नाही. मूळ करार हरवला असेल तर पोलिसात तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल, एवढं मालकाने करून द्यायला हवं. ‘हरवला’ हे उत्तर ऐकलं की मनात आणखी एक शंका येऊ द्या: मूळ करार कुठे तारण तर नाही? २०१३ पासून महाराष्ट्रात कागद ठेवून कर्ज घेतलं की त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन निबंधकाकडे दाखल करावी लागते आणि ती शोधात दिसते. सरसाई (CERSAI) या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या पोर्टलवर थोडी फी भरून तारणाची वेगळी तपासणीही होते. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि या दोन्ही गोष्टी त्यात बघितल्या का ते विचारा.

आता भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट. आमचे दोन महिने इथेच गेले. पुढच्या बाजूला पहिल्या मालकाचं नाव होतं, ते ठीकच. पाठीमागे हस्तांतरणाचा तक्ता असतो: तारीख, कुणाकडून, कुणाला, आणि अध्यक्ष, सचिव व समिती सदस्याच्या सह्या. त्या तक्त्यात एकच ओळ भरलेली होती, पहिल्याकडून दुसऱ्याकडे. आमचे काका तिसरे. पंधरा वर्षं ते मेंटेनन्स भरत होते, सभांना जात होते, पावत्या त्यांच्या नावाने निघत होत्या आणि भागपत्रावर त्यांचं नावच नव्हतं. त्यांनाही हे आम्ही पान उलटल्यावर कळलं. बिचारे काका खजील झाले. मग जुना हस्तांतरणाचा अर्ज पुन्हा भरला, समितीची सभा व्हायची वाट बघितली, तेव्हा कुठे दुसरी ओळ उमटली. म्हणून भागपत्राच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स पहिल्या आठवड्यातच मागा.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, इमारतीला मिळालं आहे का ते बघा आणि तुमचा मजला त्यात आहे का तेही. वरचे मजले नंतर चढवलेले असू शकतात. जमिनीचा सात-बारा किंवा मिळकत पत्रिका काढा आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का पाहा. कित्येक जुन्या सोसायट्यांत ती अजून बिल्डरच्या नावावर आहे. तेवढ्याने व्यवहार मोडायची गरज नाही, कारण मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून जमीन नावावर करून घेण्याचा मार्ग सोसायटीला खुला असतो, पण पुनर्विकासाची स्वप्नं बघून भाव चढवून देऊ नका. जागा सिडको, म्हाडा किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या जमिनीवरची असेल तर त्यांची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क आधी विचारा, इसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, नंतर.

पार्किंगचंही असंच. पार्किंगची जागा सोसायटी वाटून देते. मालकाने ‘हे आमचं’ म्हणून बोट दाखवणं पुरेसं नाही, सोसायटीचं पत्र बघा.

मालक कोण, हा प्रश्न सोपा वाटतो. करारावर नवरा-बायको दोघांची नावं असतील तर दोघांची सही लागते, बोलणी एकट्यानेच केली असली तरी. घर वारशाने आलं असेल तर फार जपून. सोसायटीने नॉमिनीच्या नावावर घर केलं म्हणजे तो मालक झाला असं नाही. नॉमिनी सगळ्या वारसांच्या वतीने ते सांभाळत असतो. प्रत्येक वारसाने करारावर सही करायला हवी किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलेलं हवं. अमेरिकेतल्या बहिणीचा ‘माझी काही हरकत नाही’ असा मेसेज कागद म्हणून चालत नाही. वारसांत कुणी अल्पवयीन असेल तर त्याचा हिस्सा विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते.

कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) कुणी विकत असेल तर मूळ पत्र बघा, विक्रीचा अधिकार त्यात स्पष्ट लिहिलाय का बघा आणि देणारा हयात आहे याची व्हिडिओ कॉलवर खात्री करा. देणारा गेला की ते पत्रही सहसा संपतं. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे.

इसार

कागदांच्या झेरॉक्स वकिलाने एकदा चाळल्यावरच इसार द्या, आणि तो चेकने किंवा खात्यातून. आपल्याकडे ५१ हजार किंवा १ लाख १ हजार द्यायची पद्धत आहे. तेवढाच पुरे, भावनेच्या भरात पाच लाख देऊन बसू नका. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर इसारपावती करा. तिच्यात एकूण किंमत, साठेखताची (म्हणजे खरेदीखताआधी होणाऱ्या विक्रीच्या कराराची) मुदत, घरात काय राहणार (गिझर, कपाटं, पंखे, जे ठरलं असेल ते नावानिशी), थकबाकी कुणी भरायची, आणि सर्वांत महत्त्वाचं, कागदात दोष निघाला किंवा त्या दोषामुळे बँकेने कर्ज नाकारलं तर इसार किती दिवसांत परत, हे लिहा. नातं गोड असतानाच हे लिहिलं जातं.

मग वकिलाकरवी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या. हरकतींसाठी साधारण १४-१५ दिवस ठेवतात. ती छापायच्या आदल्या दिवशी मालकाला फोन करून सांगा. आपल्या घराचं नाव पेपरात बघून जुन्या माणसाला धक्का बसतो.

मालकाचंच कर्ज चालू असेल तर

घाबरू नका, पण पैशांची वाट बदला. त्याच्या बँकेकडून बाकी कर्जाचं पत्र आणि त्यांच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी मागवा. तुमच्या बँकेचा चेक थेट त्याच्या कर्जखात्यात जमा व्हावा. शक्य असेल तर तुमच्या हिश्शाचे पैसेही त्याच खात्यात भरा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. ते कागद मालकाच्या घरी न जाता तुमच्या बँकेत जातील, हे दोन्ही बँकांकडून लेखी घ्या.

साठेखत आणि नोंदणीचा दिवस

कर्ज घेताना सहसा आधी साठेखत नोंदवतात, मग बँक पैसे सोडते. इथे मालकाची भीती समजून घ्या. त्याने सही केलेली असते आणि मोठी रक्कम अजून आलेली नसते. त्यामुळे साठेखतात लिहा की ताबा पूर्ण पैसे मिळाल्यावरच, आणि बँकेचे पैसे अमुक तारखेपर्यंत न आल्यास काय. असं लिहिलेलं वाचून आमचे काका पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी ई-चलनाने भरायची. दस्ताची माहिती आधीच ऑनलाइन भरून वेळ घेता येते. सगळे मालक, सगळे घेणारे, दोन ओळखदार, आधार, पॅन एवढं हवं. सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला गेला पाहिजे.

हवेली तालुक्याच्या निबंधक कार्यालयात गर्दी असते, फोटो आणि अंगठ्याची घाई असते. तरी अंगठा लावण्याआधी भरलेल्या माहितीची प्रिंट हातात घेऊन वाचा: नावांची स्पेलिंग, फ्लॅट क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, मोबदला. इंग्रजीतला एक ‘एच’ इकडेतिकडे झाला तर पुढे चूक दुरुस्तीपत्र करत बसावं लागतं आणि त्यासाठी नाशिकला गेलेल्या काका-काकूंना पुन्हा पुण्यात बोलवावं लागतं.

टीडीएस: हे काम तुमचंच

किंमत किंवा सरकारी बाजारमूल्य ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का कर कापून तुम्ही सरकारकडे भरायचा असतो. ७० लाखांवर ७० हजार. ही रक्कम मालकाच्या पैशांतून कापायची, वरून द्यायची नाही, आणि प्रत्येक हप्त्यावर कापायची. कापला त्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत आयकराच्या पोर्टलवर भरायचा. उशिराला दिवसाला २०० रुपये फी, वर व्याज. मालकाचं पॅन आधारला जोडलेलं आहे का हे आधी तपासा. नसेल तर एक टक्क्याऐवजी २० टक्के कापावा लागतो.

मालकांपैकी कुणी परदेशात स्थायिक असेल तर हा एक टक्क्याचा नियम त्याच्या हिश्शाला लागत नाही. दर कितीतरी जास्त असतो आणि कमी कापला तर जबाबदारी तुमची. पुण्यात हे वरचेवर घडतं, कारण करारावर मुलाचं नाव जोडीला असतं आणि मुलगा कॅलिफोर्नियात असतो. अशा वेळी इसाराआधीच सीएला विचारा.

ताबा आणि त्यानंतरचे दोन महिने

ताब्याच्या दिवशी ताबापावती करा आणि तिच्यात वीजमीटरचं रीडिंग लिहा. आम्ही मीटरचा फोटो काढून मागे तारीख घातली होती. सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, मिळकतकराची आणि विजेची शेवटची पावती, गॅसजोडणीचे कागद आणि किल्ल्यांचे सगळे जोड घ्या, टपालपेटीची छोटी किल्लीसुद्धा. पूर्ण पैसे पोचल्यावर खरेदीखत करून घ्यायचं टाळू नका. साठेखतावर पूर्ण शुल्क भरलेलं असेल तर ते नाममात्र मुद्रांकावर होतं, आणि मालकी खऱ्या अर्थाने त्यानेच येते.

सोसायटीला हस्तांतरणाचा अर्ज द्या. हस्तांतरण फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० आणि महापालिका हद्दीत प्रीमियम कमाल २५ हजार. हा प्रीमियम कुणी भरायचा ते इसारपावतीतच ठरलेलं बरं. विकासनिधी किंवा देणगीच्या नावाखाली याहून जास्त मागितलं तर ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकाचा उल्लेख करून लेखी उत्तर मागा, आवाज न चढवता. त्याच लोकांबरोबर पुढे राहायचं असतं.

महावितरणच्या संकेतस्थळावर वीजजोडणीचं नाव बदला, महापालिकेत मिळकतकराचं. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. ती तुमच्या नावे चालू राहावी म्हणून पीटी-३ अर्ज द्या. आणि भागपत्र परत हातात आलं की ते आधी उलटं करून बघा. तुमच्या नावाची ओळ, तिन्ही सह्या आणि सोसायटीचा शिक्का, तिथल्या तिथे तपासून मगच पोचपावतीवर सही करा.